देव्हारा उतरवला, पुढं काय?

बाप्तिस्म्याच्या वर्गाला येणारी एक बहीण गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिनं देवांचे चांदीचे टाक बांधून आणले होते. "अक्का, देव्हारा उतरवला. आता मूर्तिपूजा संपली ना?" चहा होईपर्यंत ती बोलत बसली. धाकट्याला सारखा ताप येतो, म्हणून एका सभेतून आणलेली तेलाची बाटली ती त्याच्या उशाशी ठेवते. बाटली संपत आली की तिला झोप लागत नाही. सोयाबीनला भाव नाही म्हणून नवरा महिनाभर कुणाशी धड बोललेला नाही. थोरलीचं लग्न ख्रिस्ती मुलाशीच करायचं, पण तो "आपल्यातलाच" हवा. टाक समोर टेबलावर होते, आणि मला वाटलं, तिच्या घरातली सगळ्यात सोपी गोष्ट तेवढी ती घेऊन आलीय.

मी जालना जिल्ह्यात राहते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं हा वर्ग घेते. नुकताच प्रभू येशूवर विश्वास ठेवलेल्या भाऊबहिणींसाठी हे लिहिते आहे. पायरीपायरीनं सांगते, पण सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. काही एका दिवसात चढता येतील, काहींवर मी स्वतः अजून उभी आहे.

पहिली पायरी: आज्ञा सावकाश वाचा

बायबलमधल्या निर्गम ह्या पुस्तकाचा अध्याय २० उघडा. "माझ्याखेरीज दुसरे देव नकोत" ही ओळ सगळ्यांना पाठ असते. तिच्या आधीची ओळ मात्र सुटते. देव म्हणतो, मी तुला मिसर देशातून, गुलामीच्या घरातून बाहेर काढलं. सुटका आधी, आज्ञा मागून. नव्या विश्वासणाऱ्यानं हा क्रम मनात धरून ठेवावा. घरातल्या वस्तू काढल्या म्हणजे देव आपल्याला पदरात घेईल असं नव्हे. त्यानं घेतलंय, म्हणून आपण काढतो. हा क्रम उलटा झाला तर मूर्ती काढणं हाच एक नवा नवस होऊन बसतो.

कॅथोलिक आणि लूथरन मंडळ्या "दुसरे देव नकोत" आणि "कोरीव मूर्ती करू नको" ही दोन्ही वाक्यं पहिल्याच आज्ञेत मोजतात. बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तीची आज्ञा दुसरी धरतात. शेजारच्या कॅथोलिक बहिणीचा आकडा वेगळा निघाला तर गोंधळू नका, वचन तेच आहे. आणि चर्चमधल्या मरियेच्या प्रतिमेवरून तिला मूर्तिपूजक म्हणू नका. इ.स. ७८७ मध्ये निकीया इथं भरलेल्या परिषदेनं हा फरक लिहून ठेवला आहे: प्रतिमेला मान, उपासना एका देवालाच. मी प्रोटेस्टंट घरातली आहे, आमच्या उपासनागृहात नुसता कोरा क्रूस आहे आणि मला तेच बरं वाटतं. पण कोऱ्या भिंतीसमोर बसूनही माणसाच्या मनात काय काय उभं राहतं हे मी जवळून पाहिलं आहे.

आता निर्गम ३२ वाचा, सोन्याचं वासरू. मोशेचा भाऊ अहरोन वासरू घडवतो आणि दवंडी काय पिटतो? उद्या परमेश्वरासाठी सण आहे! आपण देवाला सोडलं असं त्या लोकांना वाटलंच नव्हतं. मोशे डोंगरावर गेला होता, परत यायला उशीर लागत होता, आणि त्यांना वाट बघवेना. कानातलं सोनं काढून दिलं. हे सोनं मिसर सोडताना देवाच्याच कृपेनं त्यांच्या हाती आलं होतं. माझ्या वर्गात मी इथं थांबते आणि विचारते: तुम्हाला सध्या कशाची वाट बघवत नाहीये? कर्ज फिटण्याची, मूल होण्याची, कोर्टाच्या निकालाची? वासरू तिथं तयार होतं.

दुसरी पायरी: सात दिवसांची वही

यहेज्केल १४ मध्ये इस्राएलाचे काही वडील, म्हणजे पुढारी, यहेज्केल संदेष्ट्यासमोर येऊन बसतात. वचन ऐकायला आलेली माणसं! आणि देव म्हणतो, ह्यांनी आपल्या हृदयात मूर्ती मांडल्या आहेत. हृदयातली मूर्ती हाताला लागत नाही, म्हणून तिचा माग काढावा लागतो.

एक साधी वही घ्या. सात दिवस, रोज झोपायच्या आधी तीनच ओळी लिहा. आज सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली. आज सगळ्यात जास्त राग कधी आला. आणि आज खोटं कुठं बोललो, ते बोलून काय वाचवलं. ही वही नवऱ्याला, बायकोला, पाळकांना, कुणालाही दाखवायची नाही.

तिसरी ओळ लिहायला जड जाते, पण खरा माग तीच दाखवते. आमच्याकडच्या एका भावानं आपणहून सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीनं लिहिते. २०१६ चा उन्हाळा होता, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या बोअरला दिवसाकाठी तासभर पाणी येत होतं. शेजाऱ्यानं लेकरांसाठी दोन घागरी मागितल्या, तर हा म्हणाला, बोअर आटलं. रात्री वहीत लिहायला बसला आणि तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. तो म्हणाला, "अक्का, मी बोअरची पूजा कधी केली नाही, नारळसुद्धा फोडला नव्हता. पण त्याच्यापायी मी खोटं बोललो आणि शेजाऱ्याची लेकरं तहानेली ठेवली."

मूर्ती बळी मागते. जुन्या करारातल्या, लेकरांचा बळी घेणाऱ्या मोलख देवापासून आजवर तिची ही सवय सुटलेली नाही. म्हणून काळजी आणि मूर्ती ह्यांत गल्लत करू नका. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाची काळजी वाटणार, त्यात पाप नाही. बँकेच्या हप्त्यानं झोप उडाली तर देवाला सांगा, तो रागावत नाही. पण त्या हप्त्यासाठी, त्या जमिनीसाठी, त्या नावासाठी तुम्ही कुणाचा तरी बळी द्यायला लागलात, भावाचा, सुनेचा, खरेपणाचा, की समजा तिथं वेदी उभी आहे. प्रेषित पौल कलस्सैकरांना पत्रात लोभ ही मूर्तिपूजाच आहे असं स्पष्ट लिहितो (३:५).

तिसरी पायरी: घरातल्या वस्तू

आता टाकांकडं येऊ. देव्हारा, टाक, दंडातला काळा दोरा, गळ्यातला ताईत, उंबऱ्यावरची लिंबू-मिरची, भगताकडून आणलेला अंगारा, दारामागची घोड्याची नाल. हे काढायचं, पण कसं?

तुमचं एकट्याचं असेल तेवढंच काढा. इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी पुस्तकं जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार रुप्याची नाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). ती त्यांची स्वतःची होती. कुणी दुसऱ्याच्या घरात शिरलं नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी शहराचा अधिकारी जमावाला सांगतो की ह्या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. इफिस म्हणजे अर्तमी देवीचं शहर, तिथं पौल दोन वर्षांहून जास्त राहिला, आणि विरोधकाच्या तोंडून ही साक्ष निघाली. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा ह्यांच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा अध्याय नीट वाचायला हवा. शेजाऱ्याच्या श्रद्धेची टर उडवून प्रभूचं नाव मोठं होत नाही.

टाक बहुतेक वेळा एकट्याचे नसतात, घराण्याचे असतात. भाऊ वेगळे निघाले तरी देव कुणाकडं राहणार हे ठरलेलं असतं. अशा वेळी ते नाल्यात टाकू नका, मोडीत विकू नका. मी त्या बहिणीला सांगितलं, दिराला बोलाव, स्वच्छ फडक्यात बांधून त्याच्या हाती दे आणि सांग, भाऊजी, आमचा मार्ग आता हा आहे, तुमचा मान आमच्याकडून कमी होणार नाही. दीर रागावला, दोन महिने आला नाही, मग भावाच्या आजारपणात आला. तोडून टाकले असते तर कदाचित आलाच नसता.

ज्याचा कुणी दुसरा मालक नाही असा दोरा, ताईत, अंगारा, भविष्याचा कागद मात्र ठेवून देऊ नका. याकोबानं बेथेलला जायच्या आधी घरातल्यांकडून परके देव आणि कानातली कुंडलं घेतली आणि शखेमाजवळच्या एला झाडाखाली पुरून टाकली (उत्पत्ती ३५:४). ह्यासाठी समारंभ करू नका, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. घरातली चार माणसं बसा, प्रार्थना करा, दोरा कापा. लहान लेकराच्या कमरेचा दोरा असेल आणि आजी घरात असेल, तर आधी आजीशी बोला. तिनं तो द्वेषानं बांधलेला नाही, जीव लावून बांधलाय.

इथंच जिवावरचं एक सांगून ठेवते. आपल्याकडं रानात साप चावतो, विंचू चावतो. जुन्या सवयीनं पाय भगताकडं वळतात. नवा विश्वासणारा भगताकडं जात नाही, पण कधी कधी दवाखान्यातही जात नाही, प्रार्थनेच्या सभेत जातो. दोन्ही चूक. साप चावला की सरकारी रुग्णालय गाठा, सापाच्या विषावरची लस तिथं असते. प्रार्थना गाडीत करा. चावलेला भाग फार हलवू नका, कापू नका, चोखू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्याखाली गुन्हा आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या कुणी "विश्वासानं बंद कर" म्हणालं तरी बंद करू नका. वैद्य लूकही पौलाच्या सोबतीला होता.

चौथी पायरी: ख्रिस्ती कपड्यातली मूर्ती

देव्हाऱ्याची जागा रिकामी झाली की माणसाला चैन पडत नाही. थोड्या दिवसांनी तिथं येशूचा फोटो येतो, मग फोटोला हार, मग उदबत्ती, मग गुरुवारऐवजी रविवारी नारळ. हेतू वाईट नसतो, हाताला सवय असते. मी अशा घरी गेले की रागवत नाही, एवढंच विचारते: "फोटो कामून लावलाय?" येशूची आठवण यावी म्हणून, असं उत्तर आलं तर ठीक. "घराचं रक्षण होतं," असं आलं, की आम्ही बसून बोलतो.

ह्या पायरीवर २ राजे १८:४ हे एकच वचन पुरे आहे. रानात सापांनी लोकांना डसलं तेव्हा देवानंच मोशेला पितळेचा साप करायला सांगितला होता, गणना २१ मध्ये ही हकीकत आहे. तो साप देवाच्या आज्ञेनं घडवलेला, त्याच्याकडं बघून लोक वाचले, आणि येशूनं स्वतःच्या वधस्तंभाविषयी बोलताना त्याचाच दाखला दिला. शेकडो वर्षांनी हिज्कीया राजानं तोच साप फोडून तुकडे केले, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. त्याला नाव पडलं नहुश्तान, म्हणजे पितळेची वस्तू.

देवानं दिलेली वस्तू! म्हणून "हे तर बायबलमध्ये आहे" एवढ्यानं भागत नाही. तेलाचंच घ्या. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलं आहे. मीही लावते. पण तिथं आजारी माणूस वडिलांना बोलावतो, माणसं येतात, मिळून प्रभूचं नाव घेतात. बाटली एकटी उशाशी बसून काम करत नाही. पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर ठेवल्याचं प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे, हेही मी लपवत नाही. ते पुस्तक लिहिणारा लूक हे सांगताना म्हणतो, देवानं पौलाच्या हातून असाधारण चमत्कार केले. रुमाल विकायला ठेवल्याचं त्यानं कुठं लिहिलेलं नाही.

परीक्षा सोपी आहे. ती वस्तू आज हरवली तर तुमची प्रार्थना कमी होईल का? मोटरसायकलवरचा क्रूसाचा स्टिकर निघाला तर आज गाडी चालवायची भीती वाटेल का? उशाखाली बायबल नसेल तर वाईट स्वप्नं पडतील असं वाटतं का? वाटत असेल तर काही दिवस ती वस्तू दूर ठेवा आणि त्या भीतीसकट प्रभूसमोर बसा. बायबल तर फडक्यात गुंडाळून ठेवायची चीजच नाही. रोजच्या बसायच्या चटईजवळ उघडं असू द्या. पानं मळू द्या.

१ शमुवेल ४ जरूर वाचा. पलिष्ट्यांशी लढाईत इस्राएलाची चार हजार माणसं पडली. वडील म्हणाले, कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, आणू, तो आपल्याला वाचवील. कोश आला, छावणीत जयघोष झाला, जमीन हादरली, आणि त्या दिवशी तीस हजार पडले, कोशही शत्रूनं नेला. देवाला खिशात घालून रणांगणावर नेता येत नाही.

मग माणसं. आपल्या भागात मोठमोठ्या सभा होतात आणि त्यांतून कित्येकांना प्रभू भेटला आहे, हे खरं आहे. पण एखाद्या संदेश देणाऱ्या माणसाचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर, त्याचा शब्द वचनाच्या वर, त्याला प्रश्न विचारला की पाप लागेल अशी भीती, हे दिसलं की सावध व्हा. रोमी सैन्यातला अधिकारी कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला तेव्हा पेत्रानं त्याला उठवलं आणि म्हणाला, मीही माणूसच आहे. लुस्त्र गावात लोक पौल आणि बर्णबा ह्यांना देव समजून बैल बळी द्यायला निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःचे कपडे फाडले. कुणी तुमच्या पास्टरांच्या पायाशी वाकलं आणि पास्टर त्याला उठवत नसतील, तर ह्या दोन गोष्टी त्यांना प्रेमानं आणि आदरानं वाचून दाखवा.

थोरामोठ्यांच्या पाया पडावं का, असं सगळे विचारतात. सासूच्या, आजोबांच्या पाया पडणं हा मान आहे. याकोब आपल्या थोरल्या भावासमोर, एसावासमोर, सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. माझ्या मते ह्यात मूर्तिपूजा नाही, आणि "मी ख्रिस्ती झाले, आता वाकणार नाही" म्हणणारी सून प्रभूची साक्ष देत नाही, आपलाच ताठा दाखवते. बांगड्या, मंगळसूत्र, साडी, टाळ-मृदंग, अभंग हेही तसंच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगांत आणि ओव्यांत रचली, ती आजही आपल्या मंडळ्यांत गातात. भाषा आणि चाल देवानं आपल्याला दिलेली आहे, ती टाकून द्यायची नाही.

पाचवी पायरी: गाव, सण आणि काम

प्रसादाबद्दल पौलानं १ करिंथकर अध्याय ८ ते १० मध्ये लिहिलं आहे, तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचा. सार असं: मूर्ती काही नाही, म्हणून अन्नानं विटाळ होत नाही. बाजारातलं न विचारता खा. पण प्रभूच्या मेजावरही बसायचं आणि मूर्तीच्या मेजावरही, हे चालणार नाही. आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. एखाद्या नव्या भावाचा विवेक तुम्हाला बघून डळमळणार असेल, तर तुमच्या मोकळेपणापेक्षा तो भाऊ मोठा. मी स्वतः प्रसाद घेत नाही, हात जोडून सांगते, "ताई, राग मानू नका, घरचं काही असेल तर पोटभर जेवते." आणि खरंच जेवते. आजवर कुणी राग धरलेला नाही.

लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं गाव रानात असतं. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबिल, आणि मित्रमंडळींना आग्रहाचं आमंत्रण. पूजेच्या वेळी बाजूला उभे राहा, पंगतीला बसा. हे माझं मत आहे. काही मंडळ्यांत जेवणही नको म्हणतात, त्यांच्याशी भांडू नका. पोळ्याला बैलाला अंघोळ घाला, शिंगं रंगवा, पुरणपोळी खाऊ घाला, त्या दिवशी कामाला जुंपू नका. बैलाची काळजी नीतिमान माणूस घेतो असं नीतिसूत्रांतही (१२:१०) आहे. ओवाळणं आणि पाया पडणं तेवढं सोडा.

कामाच्या जागी जास्त अडचण येते. खंडेनवमीला एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते. हजर राहा, मशीन पुसा, मिठाई वाटायला मदत करा. आरतीचं ताट हातात घ्यायची पाळी येणार असेल तर आठ दिवस आधी सुपरवायझरला एकट्यात सांगा. ऐन वेळी सगळ्यांसमोर नकार दिला की त्याचा अपमान होतो आणि तुमची अडचण त्याला कधीच कळत नाही.

आणि नामानाला विसरू नका. अरामाचा तो सेनापती कुष्ठ बरं झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढी क्षमा असू द्या. अलीशानं व्याख्यान दिलं नाही, शांतीनं जा म्हणाला. दानीएल ३ मधले तिघे मात्र राजानं उभारलेल्या मूर्तीपुढं वाकले नाहीत, भट्टीत गेले. दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. नामान नवा, एकटा होता. ते तिघे लहानपणापासून वचनात वाढलेले, आणि तिथं हुकूमच उपासना करण्याचा होता. नव्या माणसाकडून पहिल्याच महिन्यात भट्टीची अपेक्षा करणाऱ्या जुन्या विश्वासणाऱ्यांनी अलीशाचं उत्तर पुन्हा वाचावं.

राशिभविष्य, मुहूर्त, वास्तू, आडवी गेलेली मांजर: सोडून द्या, एवढंच.

सहावी पायरी: लेकरं

ही पायरी मी शिकवत होते, तरी मी तिच्यावर पडले. माझा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला खोली घेऊन राहत होता. लातूर पॅटर्नचं नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक आईला माहीत असतं. नीटची परीक्षा ७२० गुणांची. मी दोन वर्षं दर शुक्रवारी उपास धरला. रोज सकाळी आकडा घेऊन देवासमोर बसायचे. निकाल लागला, गुण फार कमी पडले. त्यानंतर तीन रविवार मी उपासनेला गेले नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. वहीतली तिसरी ओळ मला शिकवायला येत होती, लिहायला येत नव्हती.

चौथ्या शनिवारी मुलगा स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, तू दोन वर्षं माझ्यासाठी प्रार्थना करत होतीस की माझ्या मार्कांसाठी?" मला उत्तर देता आलं नाही. मी भाकरी थापत राहिले. त्या दोन वर्षांत त्याला रात्री झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, हे मला नंतर कळलं, आणि तेही त्याच्या मित्राकडून. बळी कुणाचा चालला होता ते मला त्या दिवशी दिसलं.

म्हणून परीक्षेचं वर्ष असलेल्या आईबापांना मी एकच सांगते. महिनाभर प्रार्थनेत मार्क, रँक, कॉलेज हे शब्द तोंडातून काढू नका. लेकराचं नाव घ्या. त्याची झोप, त्याचे मित्र, त्याचं मन, त्याची प्रभूशी ओळख, ह्यांविषयी बोला. पहिल्या आठवड्यात तोंडाला शब्दच सापडत नाहीत, मलाही सापडले नव्हते. आणि लेकराला फोन केला की पहिला प्रश्न "जेवलास का" असू द्या, टेस्टचा नको. माझा मुलगा आता परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. शेतीचं बोलायला लागला की थांबत नाही.

सातवी पायरी: जात

ह्यावर मंडळीत कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस, आणि ज्यांच्या सावलीचाही गाव विटाळ मानत होतं त्या कुटुंबांबरोबर त्यानं आपलं आयुष्य काढलं. आपल्या भागातल्या मंडळ्यांची एक मुळी तिथं आहे. आणि आज आपण स्थळ बघताना हळूच विचारतो, मूळचे कोण?

पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमकडची माणसं आली तसा तो पंगतीतून उठला. पौलानं त्याला सर्वांसमोर सुनावलं, तो सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नव्हता म्हणून (गलती २). पंगतीतून उठणं ही पौलाच्या लेखी बारीक चूक नव्हती. जातीसाठी आपण खोटं बोलतो, लेकरांच्या मनाचा बळी देतो, तिच्या नाराजीला देवाच्या नाराजीपेक्षा जास्त भितो. ह्या तिन्ही गोष्टी मूर्तीच्या आहेत. सुरुवात जेवणापासून करा. ज्यांच्याकडं तुमच्या घरचं कुणी आजवर जेवलं नाही अशा मंडळीतल्या एका घरी जा, बोलावणं आलं तर नक्कीच, आणि आलं नाही तर त्यांना आधी आपल्याकडं बोलवा.

आठवी पायरी: रिकामी जागा

मत्तय १२ मध्ये प्रभूनं झाडून-लोटून सजवलेल्या, पण रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. निघून गेलेला आत्मा आणखी सात घेऊन परत येतो. म्हणून काढलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी काहीतरी करा.

भगताकडं जायची वेळ म्हणजे रात्रीची, लेकरू तापानं फणफणलेलं असताना. तेव्हा कुणाला फोन करायचा हे आजच ठरवा. मंडळीतल्या दोन माणसांचे नंबर आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सकाळी देवपूजेची वेळ होती, त्याच वेळेला एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. स्तोत्र ११५ पासून सुरू करा. पैशाची भीती असेल तर पहिल्या वेचणीतला कापूस, पहिलं ज्वारीचं पोतं कापणीच्या सणाला मंडळीत न्या, उरलेलं नव्हे. लूक १२ मधल्या श्रीमंत शेतकऱ्याचं पीक चांगलं आलं होतं, कोठारं मोठी बांधायचं ठरलं होतं, आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

वही दर तीन महिन्यांनी सात दिवसांसाठी परत काढा. नावं बदललेली असतात. गेल्या वेळी जमीन होती, ह्या वेळी सुनेसमोरचा मोठेपणा असतो.

टाक घेऊन आलेली ती बहीण गेल्या रविवारी उपासना झाल्यावर थांबली. पदराखालून तिनं तेलाची बाटली काढली, तळाशी बोटभर तेल होतं. म्हणाली, "अक्का, आजची रात ही तुमच्याकडं ठेवू का? सकाळी घेऊन जाईन." मी बाटली घेतली, रात्री दहाला तिला फोन केला आणि लेकराचं नाव घेऊन आम्ही दोघींनी प्रार्थना केली. सोमवारी ती बाटली न्यायला आली आणि बुधवारी परत ठेवून गेली.